साडेदहा इंची ग्लोव्ह

प्रिय बारक्या,

तुझं पत्र येऊन आज एकोणीस दिवस झाले. दादा कामात बुडालाय, असं तू भिंगरीला सांगितलं असशील. तसं काही नाही. दोन बॅगा आणि एका कुत्र्याचा पट्टा, एवढंच काम गेल्या आठवड्यात दुकानात झालं. पत्र मात्र रोज काढतो, वाचतो, घडी घालून पुन्हा चामडं टोचायच्या आरीच्या खणात ठेवतो. घडीवर कागद फाटायला आलाय.

तू पाठवलेला भिंगरीच्या पंजाचा आराखडा समोर आहे. रागावू नकोस, पण माप घ्यायची ही रीत नव्हे. पेन्सिल तिरकी धरली की प्रत्येक बोट फुगतं. घड्याळातला केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस लेकीचा हात असा काढतो म्हणजे कमाल आहे. शिवाय करंगळीपाशी तिने हात हलवलाय. गुदगुल्या झाल्या असतील. ते सगळं वजा करून मी मोजलं: मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेचौदा सेंटिमीटर, तळव्याची रुंदी साडेसहा. नऊ वर्षांच्या मानाने बोटं लांब आहेत. आपल्या आईची उचललीत. हात डावा काढलास ते मात्र बरं केलंस. बेसबॉलमध्ये उजव्याने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात, हे निम्म्या बापांना सांगावं लागतं.

'एक माप मोठाच घे, पुढची दोन वर्षं चालेल,' असं लिहिलंस. ते मी ऐकलं नाही. बूट मोठा घेतला तर पोर फार तर अडखळतं. ग्लोव्ह मोठा घेतला तर ऐन वेळी मनगटावर गरकन फिरतो, आणि तोंड उघडं पडतं. मी साडेदहा इंची घेतलाय. ते इंच पहिल्या बोटाच्या शेंड्यापासून खाली टाचेपर्यंत, आतल्या खळग्यातून टेप फिरवून मोजायचे. छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, म्हणून टेप घेऊनच गेलो होतो.

तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानातले ग्लोव्ह प्लॅस्टिकचे, लांबून चामड्यासारखे. दुसऱ्यात चामडं खरं, पण इतकं तेल पाजलेलं की हातात मेलेल्या सशासारखं लोंबत होतं. तिसऱ्या दुकानातली बाई जाणकार निघाली. मी अकरा ग्लोव्ह काढायला लावले, प्रत्येकाच्या शिवणीवरून नख फिरवलं, जाळी उजेडासमोर धरली, ओवलेल्या चामडी दोरीची, म्हणजे वादीची, टोकं वास घेऊन पाहिली. शेवटी ती म्हणाली, 'अहो काका, ग्लोव्ह घेताय की घोडा? दात तेवढे बघायचे राहिलेत.' मागे रांगेतले लोक हसले. मीही हसलो. पण माझ्या हाताला घाम सुटला होता आणि त्या घामाचे डाग चामड्यावर उमटत होते. ते तिने पाहिलं असावं, कारण मग ती हळू आवाजात म्हणाली, 'नात का?' मी म्हटलं, 'पुतणी.' तिने स्वतःच आतल्या खोलीतून बारावा आणून दिला.

तो बारावा. तळव्याचं चामडं जाड, बोटांकडे पातळ, आत मऊ अस्तर. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जाळी आडव्या-उभ्या पट्ट्यांची, आणि ती ओवणारी वादी एकसंध, कुठेही सांधा नाही. हे मी दोनदा तपासलं. चारदा तपासलं म्हटलं तरी चालेल.

घरी आणून मी काय केलं ते ऐक. नव्या कोऱ्या ग्लोव्हची सगळी वादी उसवली. बोटाबोटाने ताणून पाहिली, पुन्हा ओवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा उसवायला बसलो तेव्हा तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणाली, 'पोरीला चेंडू झेलायचाय. विमानातून उडी नाही मारायची.' मी तिच्यावर खेकसलो. मग ती आत येऊन शेजारी बसली आणि माझे हात धरून ठेवले. एकोणीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकलीय की माझ्या कामात चूक काढायची नाही आणि माझ्या भीतीचं नाव घ्यायचं नाही.

तू नेहमी चिडवतोस की दादा खोगीर शिवेल, तबल्यापासून ट्रंकेपर्यंत कशालाही चामडं चढवेल, पण ग्लोव्ह आणला की गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवतो. 'ते माझं काम नव्हे,' म्हणतो. तुला वाटतं हा माझा तोरा. कुणाच्या हाताखाली न शिकता, पुस्तकं आणि फुकट गेलेली चामडी यांच्यावर शिकलेला माणूस, थोडा तोरा असायचाच, असं तू सगळ्यांना सांगतोस. एकतीस वर्षांत मी एकाही ग्लोव्हला आरी लावली नाही. तो तोरा नव्हता.

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाकडे येतो. तेच पान घडीवर फाटलंय. तू लिहिलंस की भिंगरी चेंडू येताना डोळे मिटते. ती सवय मोडायला तू तिला रोज संध्याकाळी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी करतोस आणि आठ पावलांवरून तोंडाच्या रोखाने चेंडू फेकतोस. आधी मऊ चेंडू, आणि ग्लोव्ह आला की खरा. तिने डोळे मिटले की मोजणी पुन्हा एकपासून. ती रडते, तिची आई आत निघून जाते, पण तू सोडत नाहीस. आणि तिला तुझी गोष्ट सांगतोस: 'मी एकदाच डोळे मिटले, आणि हा बघ माझा डावा डोळा.' खाली गमतीत लिहिलंस की घड्याळजीचं एका परीने बरंच झालं, भिंग लावताना दुसरा डोळा मिटायचे कष्ट वाचले. हा विनोद तू वीस वर्षं करतोयस. मी दर वेळी सगळ्यांत मोठ्याने हसतो.

बारक्या, हे पान वाचल्यापासून संध्याकाळी पाच वाजले की मी घड्याळाकडे बघतो आणि मला ती भिंत दिसते. माझ्या दुकानापासून तुझं घर किती लांब, तरी चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज मला इथे ऐकू येतो.

तुला आठवतं ते सांग, मी माझं सांगतो. तू अकरा वर्षांचा, मी सतरा. तुझ्या ग्लोव्हची जाळी सुटली होती. तू तो माझ्याकडे आणलास आणि म्हणालास, 'दादा, खोगीरवाल्याकडे नेऊ का?' त्या वाक्याचाच मला राग आला. मी नुकता वहाणेचा अंगठा शिवायला शिकलो होतो आणि जगात मला येत नाही असं काही उरलं नव्हतं. म्हटलं, 'खोगीरवाला कशाला? मी मेलोय का?' बाबांच्या जुन्या बॅगेचा पट्टा कापून मी वादी काढली. ग्लोव्हच्या वादीत तेल मुरलेलं असतं, ती ताण सोसते. पट्ट्याचं चामडं कोरडं असतं, ते ताणत नाही, तुटतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याची शिक्षा मी स्वतःला देत नाही. पण दुसरी गोष्ट माहीत होती. वादी चार बोटं कमी पडली. मी दुसरा तुकडा घेतला, दोघांची टोकं तासून पातळ केली, सरसाने चिकटवली, वर मेण चोळलं आणि तो सांधा जाळीच्या आडव्या पट्टीमागे लपवला. मग ओढून पाहिलं. एकदाच. दुसऱ्यांदा ओढायची माझी हिंमत झाली नाही, कारण पहिल्याच वेळी बारीकसा करकर आवाज आला होता.

तो मी तुझ्या हातात घातला. बाटल्यांच्या बंद कारखान्यामागचं मैदान, टळटळीत दुपार, आपण दोघंच. तू म्हणालास, 'जोरात टाक, जाळी बघू कशी झालीय.' आणि मी, स्वतःचं काम मिरवायला, होता नव्हता तेवढा जोर लावून टाकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आई तोंडाला पदर लावून उभी. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, 'त्याने डोळे मिटले.' ते वाक्य माझं आहे, बारक्या. तुझ्या तोंडी ते नंतर आलं.

आईने मला तुझे कपडे आणायला घरी पाठवलं, तेव्हा मी ती तुटलेली वादी ग्लोव्हमधून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी खोगीरवाल्याकडे गेलो, खरी वादी मागितली, कशी ओवायची ते त्याच्या पायाशी बसून पाहिलं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही म्हणतो ना, ती एक दुपार त्यातून वगळतो. आठ दिवसांनी तू घरी आलास, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पहिलं काय विचारलंस? 'दादा, जाळी तुटली का रे?' मी ग्लोव्ह आणून तुझ्या मांडीवर ठेवला. तू बोटांनी जाळी चाचपलीस, सावकाश, एकेक पट्टी. मग तू म्हणालास, 'धड आहे की. म्हणजे माझेच डोळे मिटले असणार.' वर मला धीर दिलास, 'तू बांधलेली कशी तुटेल!' हेच तू पुढे गल्लीभर सांगत सुटलास. माझ्याकडे पहिलं गिऱ्हाईक तुझ्या त्या वाक्यावर आलं. आणि एकोणीस दिवसांपूर्वी तू पुन्हा लिहिलंस, 'ग्लोव्ह तूच निवड, दादा, तुझ्या हातची वस्तू तुटत नाही.'

काल मी नवा ग्लोव्ह घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे एक म्हातारी बाई फक्त ग्लोव्ह दुरुस्त करते. तिला म्हटलं, 'ओढून बघा.' तिने पाय टेकवून ओढलं, दोनदा, तीनदा, दहादा. मी मोजत होतो. मग म्हणाली, 'चांगलं ओवलंय. कुणाकडे शिकलात?' या प्रश्नाला आयुष्यभर माझं उत्तर तयार असतं, छाती काढून दिलेलं. काल मी नुसताच ग्लोव्ह तिच्या हातातून घेऊन पिशवीत घातला. तिला वाटलं, मला ऐकू कमी येतं.

ग्लोव्ह वेगळ्या पार्सलने येतोय. माझा हात लागलेली वस्तू तिला घालायची की नाही, हे आता तू ठरव. नको वाटला तर तिसऱ्या दुकानातल्या बाईकडे जा, पत्ता मागे लिहिलाय, तिला साडेदहा सांग. या पाकिटात तपकिरी कागदात गुंडाळलेली जी आहे, ती जुनी वादी. मधोमध बघ, सरस पिवळा पडलाय, सांधा तिथेच सुटलाय. ती एकतीस वर्षं माझ्या आरीच्या खणात होती. इतके दिवस फेकवत नव्हती, आणि तुला दाखवली तर तू मला दादा म्हणणार नाहीस, ही भीती होती. ती आजही आहे. पण पाच वाजले की तुझी लेक त्या भिंतीला पाठ लावते, आणि माझ्या खोट्याची मोजणी एकपासून सुरू होते. आज थांबव. हे पत्र वाचून होताच मागे जा आणि तिला आत बोलाव. तिला मिटू दे डोळे. समोरून चेंडू आला की माणसाचे डोळे मिटतात, त्यात भित्रेपणा नाही. आणि तुझं म्हणशील, तर मी आठ पावलांवर तुझ्या समोर उभा होतो, मी पाहिलंय. तू माझ्या जाळीवर विश्वास ठेवून उभा होतास. तुझे डोळे शेवटपर्यंत उघडे होते.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
दादा