बाबा दारूने गेले, असं सांगायचं

१२ जानेवारी

ती. ताईंस,

सा. नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नका, आई बऱ्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून तरणीताठी आहे. तुमच्या लेकाचं लग्न ठरल्याचं कळलं. मुलगी शिक्षिका आहे म्हणे, छान झालं. आमच्या छकुलीला आठवा लागलाय. जावई तिला जिनासुद्धा चढू देत नाहीत.

तुमचा भाऊ सध्या घरीच असतो. शाळेची बस आता दुसरा ड्रायव्हर चालवतो.

तसं दोन वर्षं चाललंच होतं. हातातून कप निसटायचा, बसल्या जागी खांदा उडायचा. साध्या गोष्टीवरून भडकायचे. आई म्हणायच्या, "आपल्या घरातले पुरुष तापटच." मीही मान डोलवायची. मग गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी त्यांचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच गेला आणि बस भिंतीवर चढली. मुलं उतरली होती, म्हणून निभावलं. मुख्याध्यापकांनी चारचौघांत त्यांचं तोंड हुंगून पाहिलं. ताई, तुमच्या भावाने जन्मात थेंब घेतलेला नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

मोठ्या दवाखान्यात नेलं. आई हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वडील कशाने गेले?"

"दारूने," आई म्हणाल्या.

"चालताना झोकांड्या जायच्या? हातपाय आपोआप उडायचे?"

"पिणाऱ्याचं जातंच की तसं."

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं.

परतताना रिक्षात मी आईंचा हात धरला. म्हटलं, खरं सांगा. त्या म्हणाल्या, "तुझे सासरे प्यायचे नाहीत गं. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. पण घराण्यात रोग आहे म्हटलं असतं, तर माझी पोर कुणी केली असती? दारुड्याच्या पोरीला स्थळं मिळतात."

ताई, ज्या बापाचं तोंड बघायचं नाही म्हणून तुम्ही शेवटालाही आला नाहीत, तो माणूस आजारी होता. मागच्या खोलीत कोंडून ठेवलेला, आणि शुद्धीवर.

परवा रिपोर्ट आला. तोच रोग. मेंदूचा आहे, हळूहळू सगळंच नेतो, बरा होत नाही. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला होण्याचा धोका निम्मा, आणि चाळिशीपर्यंत बहुधा पत्ताही लागत नाही. म्हणून हे पत्र. तुम्ही तपासून घ्या. तुम्हाला असेल, तरच तुमच्या लेकाचा प्रश्न. लग्नाआधी घ्या, त्या मुलीसाठी तरी.

तुम्हाला हे लिहिलं खरं, पण छकुलीला अजून सांगितलेलं नाही. काल ती आली होती. वडिलांचा हात आपल्या पोटावर ठेवून म्हणाली, "बाबा, बघा कसं लाथा मारतंय." त्यांचा हात आपोआप उडाला. ती हसली, म्हणाली, "आजोबा आत्ताच घाबरले!"

ती गेल्यावर आई म्हणाल्या, "बाळंतपण होऊ दे. मग बारसं होऊ दे. मग बघू." मी तोंडावर ओरडले त्यांच्या. रात्रभर तळमळले.

आज सकाळी छकुलीचा फोन आला, "बाबांचे रिपोर्ट काय म्हणतात?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "अशक्तपणा आहे."

किती सहज बोलले, ताई. आई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त थोडं सरकून मला बसायला जागा केली.

मीही बसले.

तुमची,
आता पुरती या घराची झालेली,
भावजय