गुण आलेल्यांची यादी

४ मार्च
आज कामावर रुजू झाले. जागा झकास आहे. कारखाना म्हणजे खरं तर दोन मजली घर. खाली एक रानटी शेंग सोलून, वाळवून, दळून बेचैनीवरचं चूर्ण करतात. वरच्या उजेडाच्या खोलीत माझं टेबल. रुग्णांच्या घरून आलेली पत्रं वाचायची आणि वहीत तीन रकाने भरायचे : गुण आला, गुण नाही, त्रास झाला. कारखान्याचे वैद्य म्हणाले, या शेंगेचा अभ्यास फारसा कुणी केलेला नाही, ही पत्रं हाच आपला पुरावा. ह्यांना जाऊन तीन महिने झाले. शेवटी शेवटी त्यांना झोप लागायची ती याच चूर्णाने, म्हणून मीच ही नोकरी मागितली. निघताना सासूबाईंसाठी एक डबा फुकट मिळाला. मुलगा गेल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

७ मार्च
शेंगा सोलणाऱ्या मावशी सगळ्यांची टर उडवतात. मला म्हणाल्या, बोलत जा जरा, तोंड उघडायला पैसे पडत नाहीत. स्वतः मात्र तोंडावर फडकं धरून बोलतात. आज कारण कळलं. त्यांच्या श्वासाला कुजक्या लसणाची घाण येते. रोज चिमूटभर चूर्ण घेतात म्हणे. शेंग फोडली की आतला गर शेंबडासारखा, बोटांना तार सुटते. जेवणाचा डबा न खाताच परत आणला.

११ मार्च
सासूबाई गाढ झोपतात. चूर्ण दुधातून मागून घेतात. म्हणाल्या, या घरात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी धड आणलंस. त्यांच्या कंगव्यात केसांचा पुंजका होता, मुळांसकट. वयामुळे असेल.

१४ मार्च
'त्रास झाला' या रकान्यात इतक्या वर्षांत एकही नोंद नाही. 'गुण आला' मध्ये तीनशेच्या वर. जुनी पत्रं काढली. 'आई परवा पहाटे शांत झाली.' 'बाबा शांत झाले, आपले उपकार विसरणार नाही.' प्रत्येक 'शांत'खाली हिरवी रेघ. चूर्ण बेचैनीवरचं, म्हणून शांत झाले म्हणजे गुण आला!
त्याच गठ्ठ्यात माझं पत्र होतं. 'हे सोमवारी शांत झाले.' हिरवी रेघ.

१५ मार्च
वैद्यांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, बाई, तुम्ही दुःखात आहात, शब्दाचा कीस काढू नका, शांत म्हणजे शांत. वही ओढून घेताना त्यांचा हात दिसला. दोन बोटांना नखं नव्हती— नुसतं गुलाबी, ओलसर मांस. तेही घेतात.
नोकरी सोडली. घरी येऊन डबा कचऱ्यात ओतला. सासूबाईंनी माझ्या माहेरचा उद्धार केला.

१७ मार्च
त्यांच्या तोंडाला लसणाचा वास. अजून. विचारलं तर भिंतीकडे वळल्या. मी घरात नसताना कारखान्यातल्या मावशी येऊन गेल्या, असं शेजारीण म्हणाली. हातात डबा होता. म्हणत होत्या, म्हाताऱ्या जिवाची झोप कशाला तोडते ही—
उशी झटकली. केस. आणि एक नख—

१८ मार्च, दुपार
डॉक्टर चारला येतो म्हणाले. अजून अर्धा तास—
नवा डबा गादीखाली होता. रिकामा. सासूबाईंच्या ओठांवर चूर्ण, हिरवं, लाळेत भिजलेलं. पुसलं की पुन्हा आतून येतं. हाका मारतेय. मघापर्यंत घरघर तरी होती. आता सगळं अगदी—