लॉर्नाचं काळं नाणं

३ मे, गुरुवार
पुढच्या शनिवारी कोरीनचं लग्न. तिला गळ्यात गेलेल्या आईचं, लॉर्नाचं नाणं हवंय, बुडालेल्या स्पॅनिश जहाजातलं. चकचकीत करून देतो म्हणालो. डॅड, नको, म्हणाली, मॉमला ते काळंच आवडायचं. मुलींना काय कळतं.
तसं ते नाणं सापडलं लॉर्नालाच, किनाऱ्यावर. चप्पल उचलायला वाकली म्हणून. पण तिला तिथे नेलं कोणी? मी. माझ्या धातू शोधायच्या मशीनला सव्वीस वर्षांत तिथे फक्त बाटल्यांची बुचं सापडली, पण ती पुष्कळ.

५ मे, शनिवार
शेजारचा वेंडेल कुंपणावरून डोकावला. चाळीस वर्षं जहाजांवर बुड्या मारून आता सल्ले वाटतो. म्हणे, रसेल, आधी वजन कर. सत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरलं तर ठीक. हलकं असेल तर चांदी समुद्राने खाल्ली, नुसतं काळं उरलंय. त्याला वीज लावू नकोस बाबा, हात जोडतो.
स्वयंपाकघरातला काटा: नऊ ग्रॅम. सेल बदलले. नऊ. काटा जुना झालाय. वेंडेलला बोललो नाही.

६ मे, सकाळी ८
बरणी, सोड्याचं पाणी, गाडीच्या बॅटरीचा चार्जर. नाण्याला त्याचा चिमटा लावला. बुडबुडे छान.

७ मे
पाणी काळं. म्हणजे मळ निघतोय. कोरीनचा फोन. नाण्यावरचा क्रॉस दिसायला लागला म्हणालो. दिसत नव्हता, पण असणार.

९ मे, दुपारी
चिमटा बाहेर काढला. चिमट्यात काही नाही. पाणी कॉफीच्या कागदातून गाळलं. चमचाभर काळा गाळ. मला काही वाटलं नाही. जेवलो. मासा खारट होता.

१० मे
ठरवलं: नवीन शोधायचं. किनाऱ्यावर सहा तास. बुचं नऊ.

११ मे
म्युझियमच्या दुकानातून नक्कल आणली. फारच चकचकीत. बुटाचं काळं पॉलिश चोळलं. हुबेहूब. खरं तर मूळ नाण्यापेक्षा बरं.

१२ मे, शनिवार
लग्न किनाऱ्यावर. ऊन फार. शपथा चालू असताना पॉलिश वितळलं. पांढऱ्या ड्रेसवर काळा ओघळ. कोरीनने नाण्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. लॉर्नाचं नाणं एका बाजूला तुटकं होतं, लहानपणी कोरीन आईच्या कडेवर बसून तिथेच अंगठा घासायची. हे मी विसरलो होतो.
नंतर बाजूला घेऊन म्हणाली, डॅड, हे मॉमचं नाही. तिचं कुठे आहे?
कॉफीच्या कागदात, म्हणालो.
ओरडेल वाटलं. ओरडली नाही. घेऊन या म्हणाली. घरी जाऊन आणलं. तिने घडी उघडली, बोट टेकवलं, पुन्हा मिटली आणि पर्समध्ये ठेवली. बोट पुसलं नाही. मग नाचायला गेली. माझ्याबरोबरचा तिचा नाच कार्यक्रमपत्रिकेत छापला होता. तो झाला नाही.
वजन नऊच होतं. काटा बरोबर आहे.
बरणी अजून धुतलेली नाही. तळाशी थोडं काळं आहे. राहू दे.