पडदेवाल्याला शिकवायचा धडा

३ जानेवारी

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट आहे, हेतू स्पष्ट आहे. सूड.

डोकं थंड आहे तोवर हकीकत नोंदवतो. काल संध्याकाळी इमारतीची मीटिंग. नेहमीप्रमाणे जिन्याखालच्या बोळात, उभ्याने. सेक्रेटरी मी. तळमजल्यावरचा पडदेवाला, जो घरी पडदे शिवतो आणि कापडाचे गठ्ठे बोळात रचून ठेवतो, तो म्हणाला की गच्चीची किल्ली कायम सेक्रेटरीच्याच खिशात का. मी मुद्दा ठसवण्यासाठी हात उचलला. जरा जोरात उचलला गेला असेल. तेवढ्यात हा इसम बाजूला सरकला. मुद्दाम. मी थेट गठ्ठ्यावरून भिंतीवर. उजवं मनगट मोडलं.

म्हणजे हात न लावता त्याने मला पाडलं. इतका भ्याड हल्ला मी आयुष्यात पाहिला नाही. हिचं म्हणणं, तुम्ही त्याला मारायला गेलात आणि नेम चुकला. हिला यातलं टेक्निकल काही कळत नाही.

५ जानेवारी

हॉस्पिटलमधली एक महत्त्वाची गोष्ट लिहायची राहिली. प्लास्टर ओलं असतानाच एक मुलगी टॅब घेऊन आली. विद्यापीठाची. मारामारीत किंवा पडून जखमी झालेल्या प्रत्येकाला म्हणे ते विचारतात: कुठे झालं, कधी झालं, कशाने झालं. मी पडदेवाल्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, नाव नको काका. मी पुन्हा सांगितलं, आडनावासकट. ती म्हणाली, आम्ही माणूस शोधत नाही, जागा शोधतो.

मी काय समजायचं ते समजलो. उघड उघड नाव घ्यायची त्यांना परवानगी नसणार. जागा शोधतात म्हणजे पत्ता शोधतात. पत्ता मी मजल्यासकट दिला आहे.

आता फक्त वाट पाहायची. विद्यापीठ त्याला बघून घेईल.

१२ जानेवारी

अजून कोणी त्याला उचलायला आलं नाही. सरकारी कामं अशीच.

पडदेवाल्याच्या बायकोने आमच्याकडे जेवणाचा डबा पाठवला. हिने घेतला. मी निषेध म्हणून जेवलो नाही. नंतर निषेध नोंदवून झाल्यावर जेवलो. चव चांगली होती, हे त्याच्याविरुद्ध जाईल. मनात खोट असल्याशिवाय कोण एवढं चांगलं करतं.

२१ जानेवारी

आले. एक प्राध्यापिका, दोन विद्यार्थी, मोजायची टेप. मी बाल्कनीतून बघत होतो. पडदेवाल्याच्या दारावर थाप पडेल म्हणून श्वास रोखून धरला. त्यांनी बोळाची रुंदी मोजली. जिन्याखाली अंधार किती ते मोजलं. पडदेवाला स्वतःच टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. निर्लज्ज.

शेवटी मीच खाली गेलो. बाई म्हणाल्या, तुमच्या गल्लीतून हॉस्पिटलात येणाऱ्यांत बरेचजण याच बोळातले. चौथ्या मजल्यावरच्या आजी इथेच पडल्या. मागच्या वर्षीच्या दोन हाणामाऱ्या इथल्याच. मी प्लास्टरच्या हाताने त्याच्या दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, मीटिंग उभ्यानेच होते का. मी अभिमानाने सांगितलं, माझीच कल्पना, लोक लवकर आटपतात. किती वाजता. लोक कामावरून घरी शिरायच्या आत, बोळातच अडवतो. म्हणजे जेवणाआधी? अर्थात. बाईंनी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. माझ्या कारभाराची छाप पडली.

८ फेब्रुवारी

निकाल लागला. चक्क बोळाला दोषी धरलं.

बाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. भांडखोर माणसं सगळीकडे असतात, म्हणाल्या. पण अरुंद जागा, अंधार, भुकेली माणसं आणि पायात अडथळा एकत्र आले की शब्दांचं भांडण हाडांवर जातं. भांडणं थांबवता नाही आली तरी हाडं वाचवता येतात. म्हणून बोळात मोठा दिवा. मीटिंग समोरच्या शाळेच्या वर्गात, जेवणानंतर, बसून. आणि गठ्ठे हलवायचे.

गठ्ठे हलवायचे हे ऐकून मी पडदेवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. सुडाचा पहिला घास. तर तो खूश. म्हणे दोन वर्षं जागाच मागत होतो. त्याला मीटररूमशेजारची खोली मिळाली. त्या खोलीत माझा व्यायामाचा बाक, जुना टीव्ही आणि इतर ऐवज होता. तो आता आमच्या बेडरूममध्ये आहे. ही बोलत नाही.

२२ फेब्रुवारी

नवा बेत. विद्यापीठ गल्लीतल्या लोकांना मध्यस्थ म्हणून ट्रेनिंग देतंय. भांडण पेटायच्या आत कोणीतरी ओळखीच्या माणसाने मध्ये पडायचं, आवाज खाली ठेवायचा, दोघांना वेगळं करायचं. दुसऱ्या शहरांत याने फरक पडलाय म्हणे. मी नाव दिलं. स्वभावाने शांत असल्याने मला जड नाही. एकदा का अधिकृत मध्यस्थ झालो की पडदेवाल्याच्या प्रत्येक भांडणात पडायचं आणि निकाल त्याच्याविरुद्ध लावायचा.

१ मार्च

ट्रेनिंगला तोही आला. आणि हीसुद्धा. बाईंनी जोड्या पाडल्या. मी आणि पडदेवाला.

खेळ असा: एकमेकांची भूमिका करायची. त्याने चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, खिसा दोनदा चाचपला आणि म्हणाला, किल्ली म्हणजे जबाबदारी असते. वर्ग हसून लोळला. सगळ्यांत जास्त ही हसली. अपमान क्रमांक दोन.

मग माझी पाळी. समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकायचं. मी त्याला कोंडीत पकडायचं ठरवलं. विचारलं, त्या दिवशी हात का उचलला नाहीस, घाबरलास ना.

तो म्हणाला, हो.

मग म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाने एकाला ढकललं होतं. गाडी कुठे लावायची यावरून. एकच धक्का. तो माणूस फुटपाथच्या कडेवर पडला, तो उठलाच नाही. भाऊ सहा वर्षं आत आहे. तेव्हापासून कोणी अंगावर आलं की मी आधी हात मागे घेतो, मग बाजूला होतो. तुम्ही पडलात तेव्हा भिंतीवर डोकं आपटलं का तेच आधी बघितलं मी."

ही माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायला बाहेर गेलो. बराच वेळ पीत होतो.

सहानुभूती मिळवायची त्याची हातोटी मानली पाहिजे. फसायचं नाही. सूड कायम.

९ मार्च

प्लास्टर निघालं. उजव्या हाताने लिहितोय. अक्षर तेवढंच वाईट आहे, आश्चर्य आहे.

आज पहिली बसून मीटिंग. मी घणाघाती भाषण तयार करून गेलो होतो. पण पोट भरलेलं, खुर्ची, वर पंखा. पडदेवाला पाण्याच्या टाकीविषयी काहीतरी शांतपणे बोलत होता. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नवा सेक्रेटरी निवडून झाला होता. ठराव त्याने मांडला आणि अनुमोदन मी दिलं म्हणे. मान डुलली ती धरली गेली.

नवीन सेक्रेटरी ही.

गच्चीची किल्ली आता देवघरातल्या खुंटीला असते. कोणीही मागितली की देते.

१७ मार्च

दुसऱ्या मजल्यावरचा जिमवाला आणि कुरिअरवाला बोळात एकमेकांना भिडले. अधिकृत मध्यस्थ म्हणून मी झेप घेतली. शिकवल्याप्रमाणे बाजूला उभा राहिलो, तळवे दिसतील असे ठेवले, आवाज खाली. जिमवाला म्हणाला, काका तुम्ही मध्ये पडू नका, तुम्ही नुसतेच पडता.

पुढचं नीट आठवत नाही. माझ्या तळव्याची मूठ कधी झाली कळलं नाही. मागून पडदेवाल्याने माझा दंड धरला. घट्ट नाही. म्हणाला, चला, जरा चालून येऊ. कुरिअरवाल्याला आणि जिमवाल्याला हिने आवरलं, एका वाक्यात. कोणतं वाक्य ते मला सांगत नाही.

आम्ही दोघं नदीपर्यंत चालत गेलो. मी एक अक्षर बोललो नाही. त्याला ही माझी शिक्षा.

२ एप्रिल

रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर चालतो. शत्रूच्या सवयी जवळून माहीत असाव्यात. त्याचा डावा गुडघा दुखतो. चढ आला की मी मुद्दाम सावकाश चालतो, म्हणजे त्याला आपल्या दुखण्याची जाणीव होईल.

एक वाक्य तयार केलंय. त्यात बोळ, गठ्ठे, मनगट, खोली, सेक्रेटरीपद सगळं येतं. एका दमात बोललं की समोरचा जागच्या जागी खचला पाहिजे. आरशासमोर म्हणून बघितलं. ही बाहेरून म्हणाली, लांबलंय.

१५ एप्रिल

प्राध्यापिकाबाई शाळेच्या वर्गात आल्या होत्या. आमच्या गल्लीतून हॉस्पिटलात जाणारे निम्म्याहून कमी झाले म्हणाल्या. सगळ्यांचे आभार मानले. एक उदाहरण दिलं, नाव न घेता: पन्नाशीपुढचा पुरुष, उपाशी, अंधारात, स्वतःच्याच जोराने पडलेला. म्हणाल्या, या घटनेत हल्लेखोर कोणीच नव्हता.

सगळ्या वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं. पडदेवाल्याने नाही पाहिलं. तो पंख्याकडे बघत बसला. याचाही हिशोब चुकता करायचाय.

२७ एप्रिल

आज सुडासाठी उत्तम संधी होती.

पडदेवाला भावाला भेटायला तुरुंगात जाणार होता. त्याची बायको आजारी. काल फिरताना त्याने विचारलं, सोबत येता का, एकट्याने जायला नको वाटतं. मी लगेच हो म्हटलं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट जागी, सगळ्यांत हळव्या क्षणी, ते वाक्य. याहून मोठा धडा नाही.

बसमध्ये खिडकी मी घेतली. तुरुंगाच्या खिडकीवरच्या शिपायाने मला विचारलं, कैद्याचे कोण. पडदेवाला म्हणाला, माझे शेजारी आहेत. शेजाऱ्यांना सोडत नाहीत. मी बाहेर बाकावर बसलो, त्याची पिशवी मांडीवर धरून. वाक्य मनात म्हणत राहिलो. ऊन सरकत सरकत पायावर आलं.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. माझ्यासमोर उभा राहिला, हात मागे बांधून. म्हणाला, भाऊ विचारत होता तो माणूस झोपेत दिसायचा कधी थांबेल. मी काय सांगणार.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. तोंड उघडलं.

म्हणालो, बस किती वाजता आहे.

ती चुकली होती. नंतरच्या बसमध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, पार घरापर्यंत. दोन तास हलता आलं नाही. आता मान वळत नाही आणि खांदा ठणकतोय. ही शेक देतेय आणि विचारतेय, कुठे झालं, कधी झालं, कशाने झालं.

मी सांगितलं, नाव नको.