निम्मी मिशी

४ जानेवारी, रविवार

खंडोबाच्या कृपेनं आज शहरात बिऱ्हाड मांडलं. चिकलठाण्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आत न्हाणी, न्हाणीला आतनं कडी. देवगाव रंगारीत चोवीस वर्षं लुगड्याच्या आडोशाला आंघोळ केलेल्या बाईला ही कडी म्हणजे काय, ते बाईलाच कळंल. चारदा लावली, चारदा काढली. हे हसले. म्हणाले, ज्ञाना, पुरे, झिजंल ती.

ह्यांना शेंद्र्याला एका कारखान्यात राखणदाराचं काम लागलंय. आमचा रामप्रसाद बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. त्यालाही तिकडंच चिकटवायचं, म्हणून हा सगळा घाट. सासरे मुंजाबामामा आणि सासूबाई मात्र गावाकडं मेंढरांपाशी राहिले. मामा म्हणाले, मेंढरू जिना चढत नाय, मीबी नाय.

घरमालकीण मुक्ताबाई खाली राहतात. नळाला आठवड्यानं पाणी येतं म्हणाल्या. पाहुणे खुशाल बोलवा, फक्त येताना घागर भरून आणा म्हणावं.

न्हाणीच्या कोनाड्यात मागच्या भाडेकरूचं दाढीचं यंत्र सापडलं. पितळी, चांगलं वजनदार. पातं एकाच धारेचं, पाठीला जाड. सोबत तसल्या पात्यांची अख्खी पुडी. चांगली वस्तू टाकायची कशाला? ह्यांना म्हटलं, ती प्लास्टिकची पिवळी आणणं आता बंद.

७ जानेवारी, बुधवार

सोमवारी आमच्यात दाढी करत नाहीत, काल मंगळवार देवीचा, म्हणून आज मुहूर्त. ह्यांनी यंत्र लावलं आणि तीन ठिकाणी रक्त काढलं. तुरटी फिरवत बाहेर आले नि म्हणाले, हे दाढी करत नाय, चावतंय.

पण गाल असा झाला होता की बोट ठरंना. ह्यांनी धनगराच्या भाषेत समजावलं. दोन धारांचं पातं म्हणजे शेळी, वरवरचा पाला खाते. हे एका धारेचं म्हणजे मेंढी, पार मुळाशी खुडते.

११ जानेवारी, रविवार

आता ह्यांना त्याची खोड उमगलीय. जोर द्यायचा नाही, त्याच्या वजनानंच ते उतरतं. दांडा गालापासून लांब धरायचा. साबण नीट भिजवायचा. आवाज येतो, खर्र, खर्र, कोरड्या कडब्यावरनं विळा फिरवल्यासारखा. तो ऐकत मी भाकरी थापते. रामा म्हणतो, आबा दाढी करतेत की भिंत खरवडतेत? त्याला यंत्राला हात लावू देत नाहीत. तुझ्या चार केसांना कशाला तोफ, म्हणतात.

सुखाचे दिवस आहेत. देवा, दृष्ट लागू देऊ नको.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सकाळी कामावर जायच्या घाईत ह्यांच्या मिशीचं उजवं टोक उडालं. हे म्हणतात, हातानं नाही केलं, यंत्र आपणच वर सरकलं. दोन्हीकडं सारखं करायला डावं कमी केलं, तर ते जास्तीच गेलं. मग पुन्हा उजवं. करता करता नाकाखाली दोन माशा बसल्यासारखं राहिलं. मी नि रामा पोट धरून हसलो.

आमच्यात बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. काढायची ती बापाच्या दहाव्याला. हे अडून बसले होते. मीच म्हटलं, निम्मं काम ठेवू नये, वाईट दिसतं, टाका काढून. पंधरा दिवसांत उगवंल, मामांना कोण सांगायला जातंय?

त्यांनी काढली.

दुपारी लिहिते. गावाहून फोन आला. मुंजाबामामा गेले. सकाळी मेंढी कातरायला बसले होते. कातर हातातच, मान खाली. निम्मी कातरलेली मेंढी उठून चालू लागली, तेव्हा सासूबाईंना कळलं. वेळ विचारली. सव्वाआठ. सव्वाआठलाच हे तोंड धुऊन न्हाणीतनं बाहेर आले होते. घड्याळ बघून डबा भरते, म्हणून मला माहीत.

२७ जानेवारी, मंगळवार

तेरावं करून परत आलो.

सासूबाईंनी ह्यांचं कोरं तोंड पाहिलं, ते मामांना अजून उचललंही नव्हतं तेव्हा. साऱ्या भावकीसमोर म्हणाल्या, अजिनाथ, बाप मरायची लईच घाई झाली होती रं तुला. ह्यांनी माझं नाव सांगितलं नाही. दहाव्याला न्हाव्यानं डोई भादरली, पण ओठावर वस्तरा फिरवायला मिशीच नव्हती, नुसते खुंट. न्हावी दोन वेळा हात पुढं करून थांबला. ते मला विसरता येत नाही.

इथं मुक्ताबाई भेटायला आल्या. मागच्या भाडेकरूचं त्यांनी आपणहून काढलं. आला तेव्हा झुपका होता म्हणे मिशीचा. एक दिवस कोऱ्या तोंडानं जिना उतरला, आणि फाटकातच त्याला फोन आला, बाप गेल्याचा. सामानसुद्धा न्यायला आला नाही.

मी हो-हो केलं. त्या गेल्यावर यंत्र फडक्यात गुंडाळून बाजरीच्या डब्यात तळाशी खुपसलं. कचऱ्याच्या गाडीत टाकणार होते. पण पितळ आहे, मोडीत जाईल, असं मनात आलं. आता वाटतं —

३ फेब्रुवारी, मंगळवार

लगेच लिहून ठेवते, म्हणजे मागनं मीच खोटं म्हणायला नको.

रामाला मी बाजरी दळायला धाडत होते. डबा त्यानंच ओतला. यंत्र मिळालं. शेंद्र्याला मुलाखत होती, साफ तोंडानं जावं म्हणून न्हाणीत शिरला. खर्र आवाज आला आणि माझ्या हातातली परात पडली. कडी लावली नव्हती. ढकलून आत गेले. उजवी निम्मी मिशी गेलेली, डावीवर साबण तसाच. हात पकडून यंत्र हिसकावून घेतलं, माझी दोन बोटं कापली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत धाडकन वाजलं.

हे पडले होते. चहा अंगावर. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू, सगळं मेलेलं. डावा डोळा माझ्याकडं बघत होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यातनं घरी आणलं. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्ताची गाठ आली, वय नव्हतं पण होतं असं कधीकधी.

मी रामाला जिन्यात बसवून सांगितलं. मुलाची मिशी गेली की बाप जातो. तुझी निम्मी गेली, म्हणून बाप निम्मा गेला. तो म्हणाला, आई तू मॅट्रिक झालीयस ना? मग म्हटलं, आजोबांची वेळ आठव. त्यानं ओठावर बोट फिरवून बघितलं. डावी बाजू कापणार नाही, असं खंडोबाची शपथ घालून वदवून घेतलं. बाहेर जाताना तोंडाला रुमाल बांधतो. पोरं त्याला निम्मं तिकीट म्हणतात.

यंत्र टाकायची आता भीती वाटते. ह्यांचा निम्मा जीव त्यात अडकलाय. देवघरात खंडोबाच्या टाकामागं ठेवलंय. रोज हळदकुंकू वाहते. दुसरं काय करू?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रामाच्या ओठावर उजवीकडं खुंट वर आलेत. तिळाएवढे. आज ह्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. पेज भरवताना निम्मीच गळाली.

म्हणजे केस उगवले की हे उठणार! देवा, आमच्याकडं बघितलंस रे. मी रामाला अंगणात उजेडाला उभं करून ओठ बघते. त्याला चीड येते.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

बाजरीच्या दाण्याएवढे. ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

पण डावा हात. त्याचं कुणाला सांगितलं नाही. मी जवळ गेले की हे डाव्या हातानं माझं मनगट धरतात आणि आवळतात. आवळतच राहतात. बांगड्या मांसात रुततात. डोळा माझ्या तोंडावर. सोडवायला गेलं की आणखी. मनगटाला हिरवेनिळे डाग पडलेत. पदराखाली झाकते.

बरोबर आहे. मीच म्हटलं होतं, टाका काढून. मीच डब्यात ठेवलं. ह्यांना सगळं कळतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझ्या तीन बांगड्या फुटल्या. ह्यांच्या मुठीत. नवऱ्यानं आपल्या हातानं माझा चुडा वाढवला. काचा वेचताना तो डावा डोळा माझ्यावर होता, तोंडातनं ज, ज, असं काहीतरी. जा म्हणतात का? घरातनं जा?

रात्रंदिवस उचलते, धुते, पुसते. कमरेत उसण भरलीय. आणि हे उठले की पहिलं मला —

१८ फेब्रुवारी, बुधवार

रामाचा ओठ बघितला. उजवी बाजू काळी दिसायला लागली. चार दिवसांत दोन्ही सारखी होतील.

पूर्वी बघून हात जोडायची. आज पदर ओढून मनगट झाकलं.

हे नीट झाले तर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रामाला शेंद्र्याचं बोलावणं आलं. उद्या दहाला. दवाखान्यात त्याचं तोंड बघून गेलेल्या पर्यवेक्षकानं फोनवर सांगितलं म्हणे, मिशी ठेव नाहीतर काढ, असलं वरखाली तोंड घेऊन येऊ नको, मागच्या खेपेला आला नाहीस, ही शेवटची. रामा दिवसभर आरशापुढं. शपथेचं बोलला नाही. मीही काढलं नाही.

आज ह्यांनी मनगट धरलं तेव्हा मी ओरडले. पहिल्यांदा ओरडले. डोळ्याला पाणी आलं ह्यांच्या. रागाचंच असणार.

देवघरातनं ते यंत्र काढलं. फुलं बाजूला केली. न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलं. का ठेवलं ते लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

पाणी गरम करून मीच न्हाणीत ठेवलं. रामा आत गेला. आतनं कडी लावली. मी ऐकली.

ह्यांच्या खाटेशी वही घेऊन बसलेय. काही करत नाही. फक्त लिहितेय. लिहिणं म्हणजे काही करणं नव्हे.

साबण घोटल्याचा आवाज. ब्रश कपावर आपटला.

हे जागे आहेत. आज डोळे दोन्ही उघडे, दोन्ही सारखे. डावा हात पुढं आला, मनगट धरलं. धरू दे. शेवटचं —

खर्र.

आवळत नाहीत. अंगठा डागावरनं फिरवतायत. हळू. ओठ हलले. ज — ज — ज्ञाना. पुरतं नाव. आणि मग — स्पष्ट — दुखलं का गं.

दुखलं का, म्हणाले. धरून ठेवत होते फक्त. बोलता येत नव्हतं म्हणून धरत होते. हाक मारत होते. मी काय समज —

खर्र. खर्र.

रामा, रामा थांब — हाक मारतेय, बादलीत नळ सोडलाय त्यानं, आजच पाणी आलं — उठते — मनगट सोडत नाहीत — सोडा, अहो सोडा, दार वाजवायचंय, कडी आतनं —

खर्र

ह्यांची पकड सैल