हबिबुल्लाचं पान

कुक्ताश, ९ जून १९९४

ती. मुनव्वरा आत्यास,
इल्गामचा सलाम व सा. न. वि. वि.

मी कॉलेज अर्धवट टाकून उफाहून परत आलो हे बाबांनी तुला कळवलंच असेल, चार शिव्यांसकट. ते माझ्याशी बोलत नाहीत. मला सांगायचं असेल ते गोठ्यात जाऊन गायीला सांगतात. आई म्हणते, पोरीसाठी शिक्षण सोडलंस आणि पोरगी निघाली नदीपलीकडे.

पोरगी म्हणजे गिरणीवाल्या युमागुलकाकांची तान्सुल्पान. तिचं लग्न पलीकडच्या गावातल्या दामिरशी ठरलं होतं. हा दामिर गुरांचा डॉक्टर. आख्खा दिवस गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभा असतो, आणि तान्सुल्पान मैत्रिणींना सांगत फिरते की त्याचे हात फार सुंदर आहेत. हात!

ठरलं 'होतं' असं मुद्दाम लिहिलंय. येत्या जुलैत आपल्या कुळाचा मेळा आहे, सत्तर वर्षांत पहिलाच. आपली जुनी शेजेरे, मुल्लांनी सरकारच्या भीतीनं मधमाश्यांच्या पोकळ ओंडक्यात लपवलेली वंशाची गुंडाळी, सापडली आहे. ती मोठ्या फळ्यावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण जुनी अरबी लिपी गावात मलाच वाचता येते. कॉलेजचा तेवढा तरी उपयोग झाला. आमचे सर सांगायचे, अरबांकडे शजरा म्हणजे साधं झाड, अंजिराचं असो की खजुराचं. तो शब्द तुर्कांनी उचलला, तातारांनी, कझाकांनी, आपण बश्कीरांनीही उचलला. आणि आपल्या झाडाला फक्त माणसं लागतात.

तर या झाडावर दामिरचा आजा हबिबुल्ला बसलाय, यानबिर्देचा मुलगा. युमागुलकाकांच्याच फांदीवर. मी मोजलं. दामिर आणि तान्सुल्पान सहाव्या पिढीत एक होतात. आपल्या रीतीनं सात पिढ्या पूर्ण नाहीत, म्हणजे लग्न नाही. (माझं आणि तिचं आधी मोजलं होतं. आठ भरतात.)

काल मशिदीसमोरच्या बाकावर म्हाताऱ्यांना बोट ठेवून एकेक नाव दाखवलं. युमागुलकाकांनी संध्याकाळच्या आत दामिरकडून आलेली मागणीची शाल परत धाडली. मी घरी येऊन घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं तीन वाडगे कुमिस प्यालो.

पलीकडचे मात्र म्हणतात, पोरगा जळतोय, वाचताना चुकला असेल. हयात असलेल्यांत जुनं तुलाच ठाऊक. हबिबुल्ला यानबिर्देचाच, अशी दोन ओळींची साक्ष धाड. एवढी माया कर.

तुझा,
इल्गाम


बेलोरेत्स्क, १८ जून १९९४

चि. इल्गाम यास,
मुनव्वरा आत्याचे अनेक आशीर्वाद.

अक्षर छान आहे तुझं. मजकूर वाचून मात्र कान उपटावेसे वाटले. गुडघ्यांमुळे तिथवर येता येत नाही, हे तुझं नशीब.

साक्ष मागितलीस, ती देते. एकवीस सालच्या दुष्काळात यानबिर्देनं हबिबुल्लाला रस्त्यावरून उचलून आणलं. तीन वर्षांचं पोर, मेलेल्या आईला चिकटून बसलेलं. कुठल्या गावचं, कुठल्या कुळाचं, बश्कीर तरी होतं की नाही, कुणाला ठाऊक नाही. माझ्या आईनं त्याला न्हाऊ घातलं, डोक्यातल्या उवा काढल्या. यानबिर्देला मूलबाळ नव्हतं. मुल्लांनी शेजेरेत नाव चढवलं आणि सगळ्यांनी शपथ घेतली की याची वाच्यता करायची नाही. शपथ घेतलेले सगळे आता मातीत आहेत. आई जाताना मला एकटीला सांगून गेली.

तेव्हा रक्ताचं म्हणशील तर दामिर त्या मुलीचा कुणीही नाही. हे सांगितलंस तर त्याचं लग्न होईल आणि कूळ जाईल. गप्प राहिलास तर कूळ राहील, लग्न मोडेल. दोन्हीकडून त्याचंच जातंय हे बघून तुला आत गुदगुल्या होत असतील. तुला मी पाळण्यापासून ओळखते.

कुणाला सांगायचं ते तू ठरव. पण मी खोटं लिहून देणार नाही. खात जा नीट. बाबाचा राग गायीलाही फार दिवस झेपायचा नाही, निवळेल.

तुझी,
आत्या


कुक्ताश, २९ जून १९९४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस बुटात लपवलं. कुणाला सांगायचं नाही असंच ठरवलं होतं.

मग झऱ्यावर तान्सुल्पान दिसली. डोळे सुजलेले. मी नुसतं बादली उचलू का विचारलं. त्यावर म्हणाली की तुला मोजता फार छान येतं ना, मग आता मोजत बस, मी किती वर्षं तुझ्याशी बोलत नाही ते. आणि दोन्ही बादल्या स्वतः उचलून गेली. आत्या, माझं डोकं असं तापलं! वाटलं, तिच्यासमोर नाही तर नाही, त्याच्या तोंडावर तरी सांगू, की तू रस्त्यावरचा आहेस.

नदी ओलांडून गेलो. दामिर बैलाचा खूर तासत होता. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं आणि त्याचं तोंड बघत उभा राहिलो. त्यासाठीच तर गेलो होतो.

पांढरा पडला. बादली पालथी घालून तिच्यावर बसला. उवांपर्यंत आला आणि तेवढं पुन्हा वाचलं. मग म्हणाला की आजोबा शेवटपर्यंत उशाखाली पावाचा तुकडा ठेवून झोपायचे, घरातले सगळे हसायचे, मीही हसायचो. असं म्हणून रडायला लागला. मला बरं वाटायला हवं होतं ना?

आणि मग एकदम उठून त्यानं मला मिठी मारली, त्या शेणाच्या हातांनी! म्हणाला, खोडून टाक नाव, म्हणजे ती माझी. सात पिढ्या गेल्या तर गेल्या. एवढं म्हणायला त्याला बैलाचा खूर खाली ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही.

परत येताना पुलावर थांबलो. माझ्यावर पाळी आली असती तर मी दिल्या असत्या का सात पिढ्या? मी तर आधी आठ मोजून घेतल्या होत्या. पूर्वी मला त्याच्या हातांचा हेवा वाटायचा. आता अख्ख्या माणसाचाच वाटतो, आणि हे जास्त जाळतं.

मेळ्यात तो स्वतःच सांगणार आहे. तुझं पत्र मी वाचून दाखवावं, असं त्याचं म्हणणं आहे. मीच! माझ्यासाठी दुवा माग.

इल्गाम


कुक्ताश, १९ जुलै १९९४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. दामिर सगळ्या कुळासमोर उभा राहिला आणि बोलला. मग मी तुझं पत्र वाचलं. म्हाताऱ्यांत हलकल्लोळ. एक म्हणे, सत्तर वर्षं बसलाय झाडावर, आता कोण उतरवणार? दुसरा म्हणे, आमच्या फांदीवरही बसायचं आणि आमची पोरही न्यायची, असं कसं चालेल? शेवटी ठरलं की नाव उतरवायचं, पण माणूस झाडाविना उभा राहू शकत नाही, म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात नवं झाड काढायचं आणि मुळाशी हबिबुल्लाला लिहायचं. युमागुलकाकांनी तिथेच शाल परत मागून घेतली. लग्न ऑगस्टात आहे.

झाड अर्थात मलाच काढायला लावलं. हबिबुल्ला, त्याचा मुलगा सगित, वर दामिर. तीनच पानं. तान्सुल्पान मागे येऊन उभी राहिली. झऱ्यावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा बोलली. दामिरच्या वर जागा सोड म्हणाली. किती, असं विचारलं तर म्हणाली, वाढेल तेवढी.

मी एका पानापुरती सोडली. त्याच्या लगेच वर नक्षीची जाड पट्टी ओढून टाकली, पक्क्या तेलरंगात. ती बघून निघून गेली.

आज सकाळी चाकू घेऊन गेलो आणि पट्टी खरवडली. हात सोलून निघाले. आता वर चार पानं बसतील, खालची तीन धरून सात पिढ्या पूर्ण.

पाचवं मात्र नाही बसू देणार, आत्या.

तुझी माया आहेच, यापुढे मला जरा जास्त लागेल.

तुझा,
इल्गाम