दुसरी ठमी

३ फेब्रुवारी

ठमी गेली. सकाळी, चहाच्या वेळी.

खरं लिहू का? बरं वाटलं. लिहिलं! आता खोडणार नाही.

चौदा वर्षांची कुत्री. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय लुळे. तरी कालपर्यंत मी सोफ्यावर नवऱ्याशेजारी बसले की गुरगुरायची. सहा वर्षं झाली मला या घरात येऊन, आणि त्या सोफ्याची डावी बाजू मला अजून ठाऊक नाही. ती बाजू पहिलीची. पहिली म्हणजे त्याची पहिली बायको. तिनेच ठमीला एवढीशी असताना खोक्यातून आणलं, बाटलीने दूध पाजून वाढवलं, आणि पुढे स्वतः आजारपणात गेली. जाताना जागा राखायला कुत्री बसवून गेली, असं मी मनातल्या मनात म्हणते.

तो रडला. (समोर मी त्याला 'अहो' म्हणते. वहीत तरी 'तो'. एवढी चैन असू दे.) हुंदके देऊन रडला. मागच्या वर्षी मी तापाने फणफणले होते, तेव्हा 'गोळी घेतलीस ना?' एवढं विचारून कामाला लागला होता.

मग तिला उचलून कामाच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ नळाचा आवाज, वाटीत काहीतरी घोटल्याचा आवाज. दुपारी जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. मेलेल्याला डॉक्टर कशाला? पण विचारलं नाही. संध्याकाळी मागच्या अंगणात खड्डा खणला.

५ फेब्रुवारी

घरभर केस. सोफ्यावर, उशीवर, माझ्या काळ्या स्वेटरवर. मेली तरी हटत नाही बया!

आज डावीकडे बसून पाहिलं. तिथली स्प्रिंग तुटलेली आहे, टोचते. यासाठी सहा वर्षं!

७ फेब्रुवारी

आज हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

आमचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो आणि त्यावर कवळी बसवतो. मी इथे आधी नोकरीला लागले, बायको नंतर झाले. पार्सलं बांधणं अजून माझ्याकडेच आहे. काल फळीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक साचा होता. नाव नव्हतं. बँकेतल्या एका पेशंट बाईंचा असणार म्हणून तोच बांधून पाठवला.

आज डॉक्टरांचा फोन. "अहो, बाईंना एवढे सुळे कधी फुटले? आणि हा जबडा नाकाच्या पुढे चाललाय!"

जाऊन घेऊन आले. ठमीचा वरचा जबडा! समोरचा एक दात अर्धा तुटलेला. माझ्या नव्या चपलेचं बक्कल चावताना तुटला होता तो. म्हणजे त्या दिवशी दार लावून स्वारी मेलेल्या कुत्रीच्या तोंडाचं माप घेत होती. माणसाच्या मापाचा ट्रे पुरला नाही म्हणून दोन ट्रे जोडले, असं मला नीट समजावून सांगितलं त्याने. जणू मी ते विचारलं होतं!

पोरगी, म्हणजे पहिलीची लेक, कॉलेजातून आली होती. हसून हसून जमिनीवर बसली. मग तो जबडा मांडीवर घेऊन रडायला लागली. मला 'मावशी' म्हणते ती. मावशीने पाणी आणून दिलं.

तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरिणीने ठमीच्या कानाची थोडी कातडी काढून ठेवली आहे. कुठल्याशा प्रयोगशाळेशी त्याचं बोलणं झालंय. त्या कातडीतून तीच ठमी पुन्हा जन्माला घालतात. तशीच्या तशी.

"मला विचारलं नाहीत," मी म्हटलं.

"तुला ती आवडायची कुठे?"

"म्हणूनच विचारायचं होतं."

त्याने पोरीकडे बोट केलं. मग म्हणाला, "ठमी होती तोवर हिच्या आईचं काहीतरी या घरात चालतं-फिरतं होतं."

मग मी काय करते इथे, सरपटते?

हे बोलले नाही. इथेच लिहिते आहे.

९ फेब्रुवारी

कातडीची कुपी आमच्या फ्रिजमध्ये आहे. दुधाच्या पातेल्याशेजारी! डॉक्टरिणीचा दवाखाना आज बंद, म्हणून कुरियरवाला इथून नेणार. 'थंड ठेवायची पण गोठवायची नाही. गोठली की संपली.' कामाला बाहेर पडताना नवऱ्याने दोनदा सांगितलं. वर "लक्ष ठेव हं." कुणाला सांगतोय? मला!

दुपारी घरात कुणी नव्हतं.

मी कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवली.

दार लावलं. ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. कामाच्या खोलीत जाऊन मेणात दात लावायला बसले तर एक दात सरळ लागेना, सगळे तिरके. मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही, म्हणून मी तिच्या कुत्रीच्या कानाशी भांडत होते! शोभतं का हे? पळत जाऊन काढली. वरून पांढरी झाली होती. हातात धरून ऊब दिली, हलवून पाहिली. आत काहीतरी हललं. हललं असं वाटलं.

कुरियरवाला आला, सही घेतली, घेऊन गेला. संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "गेली ना नीट?"

"हो," म्हटलं.

२ मार्च

प्रयोगशाळेचा निरोप. पेशी वाढताहेत!

आधी वाटलं, हुश्श. खून तरी नाही झाला हातून. आणि लगेच वाटलं, केवढी चिवट ही! बर्फातूनही उठून आली.

तो दाढी करताना शीळ घालत होता. ठमीला बोलवायला पहिली घालायची, ती शीळ. पोरीनेच मला कधीतरी सांगितलं होतं. मी मुद्दाम मिक्सर लावला. वाटायला काही नव्हतं, रिकामाच फिरवला.

१५ मार्च

एक निवृत्त मास्तर आले होते. हातात जुनी कवळी, झिजलेली. "अगदी अश्शीच करून द्या. ही मला फार सुखाची होती."

त्यावर आमच्या स्वारीचं ठरलेलं व्याख्यान! शंभरदा ऐकलंय. "मास्तर, अशीच करून देईन, पण बसणार नाही. कवळी तीच राहते, हिरडी बदललेली असते. नवं माप द्या."

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत का स्वतःचं?"

कळलं त्याला. चेहरा उतरला. वाटलं, आता चिडेल. मला तो चिडायलाच हवा होता. पण हातातली कवळी उलटसुलट करत म्हणाला, "मला ठाऊक आहे गं. तरी माणसं जुनीच मागतात ना?"

जेवताना त्याला जास्तीचं वाढलं. राग माझा आणि वाढतेही मीच.

२८ मार्च

बाजारात डॉक्टरीण भेटली. तिला धरलंच. नाहीतरी त्या कातडीत तिचाही हात आहे.

ती म्हणाली, "मी त्यांना तेव्हाच बजावलं होतं. यातून ठमी येणार नाही. ठमीची जुळी बहीण येईल, चौदा वर्षं उशिरा जन्मलेली. दिसेल तशीच. पण सवयी, माया, ओळख, ते सगळं जिथे वाढेल तिथलं. ऐकत नाहीत लोक. आणि मीही मऊ पडले, एवढा माणूस रडत होता."

म्हणजे ती पहिलीला ओळखणारच नाही! तिची शीळ नाही, सोफ्याची बाजू नाही, काही नाही. मला पहिल्याच दिवशी बघेल. मीच दूध पाजेन. मीच!

दिवसभर हाच विचार. तो शिळेने बोलवतोय आणि ती माझ्या पायाशी बसलीय, हलत नाही. इतकी खूश झाले की माझी मलाच लाज वाटली. कुणाच्या पिल्लावर डोळा ठेवून आहे मी?

१९ एप्रिल

पोरीने आज बापाला धारेवर धरलं. कुठून कुठून माहिती काढून आणलीय. म्हणे, एक पिल्लू हाती यायला किती तरी वाया जातात. काही पोटातच मरतात, काही व्यंग घेऊन जन्मतात. आणि ती वाढवायला दुसऱ्या कुत्र्या. पिंजऱ्यात ठेवलेल्या. पोट फाडायचं, गर्भ घालायचा, पिल्लू काढून घ्यायचं, जखम भरली की पुन्हा तेच.

"बाबा, एका ठमीसाठी किती ठम्या?"

तो म्हणाला, "आता सुरू झालंय सगळं." हे काय उत्तर झालं?

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तू का गप्प? तुला तर नकोच होती ना ती?"

मी भांडी आवरायला लागले. पोरीची कारणं स्वच्छ होती आणि माझी काळी. तिच्या बाजूने उभी राहिले असते तर माझ्या कारणांचा वास तिला लागला असता.

जाताना दारात म्हणाली, "आईला हे मुळीच पटलं नसतं."

घ्या! मेल्यावरही शहाणपणात पहिला नंबर तिचाच. मी जिवंत असून दुसरी.

१० मे

प्रयोगशाळेतली एक कुत्री गाभण आहे. ठमी राहिली!

त्याने ठमीची गादी उन्हात टाकली, पट्टा घासून धुतला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरात लहान जीव येणार बघ."

मी हात काढला.

लग्नाच्या आधी मी एकच विचारलं होतं, आपलं मूल? तेव्हा पस्तिशीत होते मी. तो म्हणाला होता, "आता या वयात नव्याने सगळं कुठे सुरू करायचं? आहे ते सांभाळू." पटलं म्हणून नव्हे, तो हवा होता म्हणून हो म्हटलं. नंतर पुन्हा कधी विषय काढला नाही. आहे ते सांभाळलं. त्याची पोर, त्याच्या कवळ्या, सवतीची कुत्री.

आणि आता? आता सुरू करता येतं नव्याने!

आज पहिलीचा हेवा नाही वाटला. त्या पिंजऱ्यातल्या कुत्रीचा वाटला. माझ्या घरासाठी कुणीतरी पोटुशी आहे आणि ती मी नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही हे.

११ मे

त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटतंय माझं डोकं दुखतंय. गोळी आणून दिली.

७ जून

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा तो अंघोळीला गेला होता. मीच घेतला. एक मुलगी गोड आवाजात सांगत होती, सगळं छान चाललंय, ठोके व्यवस्थित आहेत.

मी विचारलं, "आणि तिचं कसं आहे?"

"कुणाचं, मॅडम?"

"जिच्या पोटात आहे तिचं."

तिला प्रश्नच कळला नाही. शेवटी म्हणाली, "ती ठीक आहे. अनुभवी आहे."

"नाव काय तिचं?"

"नाव नसतं, मॅडम. नंबर असतो."

फोन ठेवला. आता मला तिचा हेवा वाटत नाही. कशाचा वाटून घेणार? पिल्लू काढून घेतील आणि तिला पुढच्या घरासाठी तयार करतील.

तो बाहेर आला. "काय म्हणाले?"

"ठोके छान आहेत."

तो हसला. मला ते हसू आवडतं, हेच तर सगळ्या दुखण्याचं मूळ.

१५ जून

प्रयोगशाळेचा फोन. दोन झाल्या. दोन्ही ठम्या, डोळ्यावरच्या तिच्या ठिपक्यासकट. ठरल्याप्रमाणे एक आपली. दुसरी तिथेच ठेवतात, मोठी झाली की लोकांची पिल्लं वाढवायला. तो म्हणाला, "बरं, मग पहिली तेवढी पाठवा."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "आणि दुसरी माझी," म्हटलं. "तीही पाठवा."